साडूचा स्फटिक

अनारसा तुपात सोडला आणि तो फुटून त्याचा चुरा कढईभर पसरला, की मिरजेत ‘अनारसा हसला’ म्हणतात. हसण्याची शास्त्रशुद्ध कारणं बरीच आहेत. गूळ जास्त झाला, पीठ पुरतं मुरलं नाही, तूप थंड होतं. शैलाताईंच्या स्वयंपाकघरात मात्र एकच कारण ग्राह्य धरलं जाई: थोरले जावई दारात उभे राहून बघत होते.

“हृषीकेशराव, तुम्ही बाहेर बसा पाहू,” २०३१ सालच्या अधिक भाद्रपदात त्या म्हणाल्या. “तिथं पंखा आहे.”

पंखा स्वयंपाकघरातही होता. त्याच्याखाली ओट्याला टेकून धाकटे जावई, डॉ. चिन्मय सबनीस, न हसलेला पहिला अनारसा खात उभे होते. त्यांना कोणी बाहेर बसा म्हणालं नाही. त्यांना शैलाताई ‘चिनू’ म्हणत. डॉ. हृषीकेश वाकणकरांच्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्यांच्या नावामागचा ‘राव’ गळला नव्हता, आणि चिन्मयला तो साखरपुड्यापासूनच कधी लागला नव्हता. मान कोणाला जास्त, हे अशा घरात उलट्या बाजूनं मोजायचं असतं.

साडू हे नातं कोणी निवडत नाही. ते सासुरवाडीबरोबर न मागता येतं. इतर साडू वर्षातून दोनदा भेटतात, एकमेकांच्या गाडीची चौकशी करतात आणि सुखानं वेगळे होतात. ह्या दोघांना ती सोय नव्हती, कारण दोघांची नोकरी एकाच छपराखाली होती. जतच्या पलीकडे उघड्या माळावर सरकारनं एक प्रचंड वलय बांधलं होतं. त्यात इलेक्ट्रॉन गरगर फिरत, आणि पावसाळ्यात वळणावरचा ट्रक चिखल उडवतो तसे वळणावळणावर क्ष-किरण उडवत. आजूबाजूची गावं त्या इमारतीला ‘कडबोळं’ म्हणत आणि आतल्या लोकांचं नेमकं काय चालतं ह्याची फारशी चौकशी करत नसत. आतल्या लोकांनाही ते बरं वाटे.

कडबोळ्यात चिन्मय स्फटिक वाढवायचा. हृषीकेश क्ष-किरणांनी त्या स्फटिकांचे नकाशे काढायचा. म्हणजे एकानं करायचं आणि दुसऱ्यानं बघायचं. ही वाटणी लग्नाच्या पंगतीत आचारी आणि फोटोग्राफर ह्यांच्यात असते तशीच होती. जेवण चांगलं झालं तर फोटोग्राफरचं कौतुक झाल्याचं कोणाला आठवत नाही.

स्फटिक होते अतिवाहकांचे. साध्या तारेतून वीज जाताना वाटेत थोडी थोडी सांडत जाते आणि तार तापते. अतिवाहकातून ती थेंबभरही न सांडता जाते. अडचण एवढीच की त्यासाठी तो पदार्थ भयंकर थंड ठेवावा लागतो. त्यातल्या त्यात कमी थंडीत काम करणाऱ्यांना ‘उच्च तापमानाचे अतिवाहक’ म्हणतात. उणे दीडशे अंशांना उच्च म्हणणारी माणसं जगात एका खात्यातच सापडतात. ह्या पदार्थांत तांबं आणि ऑक्सिजन ह्यांचे थरावर थर असतात, आणि थरांच्या मधल्या फटीत काही ज्यादा ऑक्सिजन अणू असतात. अधिक महिन्यासारखे, कोणत्याच हिशेबात न बसणारे. हे ज्यादा अणू पंगतीला बसल्यासारखे ओळीनं बसले, तर वीज विनातक्रार जाते. ते हात धुवायच्या नळापाशी जमतो तसा घोळका करून उभे राहिले, तर ती अडते. साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या एका स्फटिकात पंगतीची बेटं आणि घोळक्याची बेटं शेजारी शेजारी नांदतात. ह्या वेगवेगळ्या रचनांना प्रावस्था म्हणतात. हृषीकेश केसाहून बारीक क्ष-किरण स्फटिकावरून ओळीओळीनं फिरवायचा, आणि पडद्यावर पंगत लाल, घोळका निळा असा नकाशा उमटायचा.

त्या अधिक महिन्यानंतर काही आठवड्यांनी चिन्मयच्या सत्तावन्न नंबरच्या स्फटिकानं उणे पंचाण्णव अंशांवर अतिवाहक होऊन दाखवलं. हा विक्रम होता. चिन्मय तो एका डबीत घालून हृषीकेशच्या खोलीत आला.

“हृषीदा, एक नकाशा काढून ठेव ना ह्याचा. मी ओसाकाहून आलो की घेतो.”

“एकच?”

“एक पुरे रे. तुझी कामं असतील.”

‘तुझी कामं असतील’ हे वाक्य हृषीकेशला दुपारच्या जेवणापर्यंत पुरलं. त्याचं काम म्हणजे शिंपल्यांमधल्या चुन्याचे थर. सहा वर्षं तो फावल्या वेळात ते बघत होता, आणि त्यासाठी त्याला ओसाकाच काय, ओतूरहूनही बोलावणं आलं नव्हतं.

त्यानं नकाशा काढला. जवळजवळ सगळा निळा. मधेमधे गोवराच्या पुरळाएवढे लाल ठिपके. हृषीकेशला अंगात बळ आल्यासारखं वाटलं. इतक्या घोळक्याच्या दगडानं विक्रम कसा केला? मोजण्यात चूक असणार. चूक दाखवायची तर अधिक बारीक नकाशा हवा. त्यानं तो काढला. ह्या खेपेला निळं थोडं कमी दिसलं.

मत्सरी माणसाला हवा तो पुरावा मिळाला नाही, की तो उपकरणावर संशय घेतो. हृषीकेशनं सगळी यंत्रणा पुन्हा जुळवली आणि पुन्हा बघितलं. निळं आणखी कमी. शिंपले कपाटात गेले. त्याच्या वाट्याचा सगळा बीम, म्हणजे क्ष-किरणांचा झोत, सकाळ-दुपार, महिनाभर, चिन्मयच्या त्या एका दाण्यावर पडत राहिला. दोष काही सापडेना. उलट दर नकाशागणिक तो दाणा लाल होत गेला, जसा काही बघणाऱ्याला चिडवण्यासाठीच.

“महिना झाला, तुला माझी हाक पहिल्या वेळेस ऐकू आलेली नाही,” त्याची बायको मुक्ता म्हणाली. ती जतमध्ये दातांची डॉक्टर होती. माणसं तोंड उघडून गप्प बसण्याची तिला सवय होती. “कोण आहे?”

“चिन्मय.”

“काय चिन्मय?”

“काही नाही. त्याचं काम करतोय.”

“तू?” मुक्ता म्हणाली, आणि पोळी लाटू लागली.

चिन्मय परत आला, त्यानं डबी नेली, स्फटिक पुन्हा मोजला. आता तो उणे पंधरा अंशांवर अतिवाहक होत होता. उणे पंधरा म्हणजे घरातला फ्रीजर. मटारांच्या शेजारी ठेवता येईल असा अतिवाहक माणसाच्या हाती पहिल्यांदाच आला होता. जगभरच्या वीज कंपन्यांचे शेअर त्या आठवड्यात काय करावं हे न सुचून दोन्हीकडे पळाले.

असं का झालं हे चिन्मयला ठाऊक नव्हतं. पण पत्रकारानं विचारल्यावर ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची पद्धत नसते.

“मुरू द्यावं लागतं,” तो म्हणाला. “अनारशाचं पीठ मुरू देतात, तसं. हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकलो.”

दुसऱ्या दिवशी पेपरात शैलाताईंचा अनारशांच्या परातीसकट फोटो आला. कडेला हृषीकेशचं कोपर आलं होतं.

दिवाळीला सगळे मिरजेत जमले. चिन्मयनं स्फटिक खिशातून आणला होता. शैलाताईंच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेवर तो ठेवला, वर मोहरीएवढं चुंबक सोडलं, आणि चुंबक अधांतरी तरंगत राहिलं. शेजारपाजारचे बघून गेले. कोणी नमस्कार केला. एकानं हे बिलात किती वाचवेल ते विचारलं.

“सगळ्या जगाची नजर आहे हो ह्याच्यावर,” शैलाताई म्हणाल्या. “चिनू, बस पाटावर. तुझी आणि तुझ्या त्या खड्याची दृष्ट काढते.”

“काढा, आई,” चिन्मय मजेत म्हणाला आणि त्याच्या बायकोनं, ऋचानं, चित्रीकरणासाठी फोन काढला.

शैलाताईंनी नारळाच्या करवंटीचे निखारे केले. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन चिन्मयवरून उतरवल्या. आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, घरच्यादारच्याची. ‘घरच्यादारच्याची’ म्हणताना त्यांनी कोणाकडेही बघितलं नाही, पण हृषीकेश फरशीचे जोड बघू लागला. मूठ निखाऱ्यांवर पडली. मिरच्या तडतडल्या. कोणालाच ठसका लागला नाही.

“बघा. जबर लागली होती,” शैलाताई म्हणाल्या. मग त्यांनी स्फटिक एका पितळी करंड्यात ठेवला आणि सांडशीत धरून निखाऱ्यांवर चांगली धुरी दिली. करंड्याचं बूड काळं पडेपर्यंत.

घरात त्या क्षणी पदार्थविज्ञानाच्या दोन डॉक्टरेट हजर होत्या. एक हसत होती आणि दुसरी फरशी बघत होती.

जानेवारीत दिल्लीहून पाहुणे आले. कडबोळ्याच्या सभागृहात फ्रीजर आणला होता, झेंडूची माळ घालून. चिन्मयनं स्फटिकावर चुंबक सोडलं. चुंबक स्फटिकावर बसलं आणि बसूनच राहिलं. चिन्मयनं ते चिमट्यानं उचलून पुन्हा सोडलं. ते पुन्हा बसलं. पाहुण्यांपैकी कोणी तरी घसा साफ केला.

चिन्मयनं तसेच आणखी वीस स्फटिक करून बघितले. सगळे उणे पंचाण्णवला थांबले. परदेशातल्या प्रयोगशाळांनी बघितले, तिथंही तेच. फेब्रुवारीपर्यंत जगानं शब्द निवडला होता: बनाव. अनारशाच्या पिठावर चुटके निघाले. चौकशी समिती नेमली गेली. शैलाताईंनी पेपर बंद केला.

हृषीकेशला त्या दिवसांत झोप उत्तम लागत होती. त्यानं शिंपले पुन्हा बाहेर काढले. कॅन्टीनमध्ये लोक चिन्मयविषयी बोलू लागले की तो म्हणायचा, “जाऊ द्या, माणूस चांगला आहे.” एखाद्याला पुरतं बुडवायचं असेल तर ह्याहून सोपं वाक्य मराठीत नाही.

समितीनं त्याच्याकडे स्फटिकाचा एक अधिकृत नकाशा मागितला. हृषीकेशनं तो काढला. जवळजवळ सगळा निळा, मधेमधे पुरळाएवढे लाल ठिपके. हा नकाशा त्यानं कुठं तरी बघितला होता. त्यानं पहिल्याच दिवशीचा नकाशा शेजारी उघडला. दोन्ही जुळ्या भावांसारखे होते.

मग त्यानं महिनाभराचे सगळे नकाशे ओळीनं पडद्यावर मांडले. निळ्यातून लाल वाढत गेलेलं. शेवटचा नकाशा त्यानं आधीच्यांपेक्षा थोडा रुंद काढला होता, आणि त्यात एक गोष्ट होती, जी त्यानं तेव्हा बघितली होती पण पाहिली नव्हती. लाल भाग एका बाजूला सरळ रेषेत संपत होता. फूटपट्टीनं आखल्यासारखा. निसर्ग फूटपट्टी वापरत नाही. ती रेषा म्हणजे आधीच्या सगळ्या नकाशांमधली हृषीकेशच्या किरणाची हद्द होती. तो जिथवर बघत होता तिथवर ऑक्सिजन पंगतीला बसला होता. जिथं त्याची नजर गेली नव्हती तिथं घोळका तसाच उभा होता.

क्ष-किरण नुसते बघत नाहीत. ते अणूंना हलकासा धक्का देतात, आणि पुरेसा वेळ धक्के बसत राहिले की भटके अणू हळूहळू रांगेत येतात. एका नकाशानं काही होत नाही. महिनाभर कोणी एकाच दाण्याकडे बघत बसत नाही, म्हणून हे आजवर कोणाला दिसलंच नव्हतं. आणि साठ-सत्तर अंशांच्या वर तापवलं, की रांगा मोडतात. करवंटीचे निखारे त्याहून बरेच जास्त असतात.

म्हणजे चिन्मयच्या दगडाला जिनं मोठं केलं ती हृषीकेशची नजर होती, आणि सासूबाईंनी ती रीतसर काढून टाकली होती.

जगातला सगळ्यात मोठा शोध त्याच्या नावावर होता आणि तो सांगण्याची सोय नव्हती. शोधनिबंधात ‘प्रयोगाचा हेतू’ असा एक परिच्छेद असतो.

घरी त्यानं मुक्ताला सांगितलं. तिनं कुकरची शिट्टी होईपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे महिनाभर तू त्याचा दगड बघत होतास.”

“स्फटिक.”

“खोट काढायला.”

“तपासणी करायला.”

“माझ्याकडे महिनाभर असं बघितलं असतंस ना हृषी, तर माझ्यातूनही वीज गेली असती.” तिनं गॅस बंद केला. “आणि आता?”

“गप्प बसलो तर चिन्मयची नोकरी जाईल.”

“हं.”

“बोललो तर कडबोळ्यात सगळ्यांना कळेल की मी...” तो थांबला. “आईंनाही कळेल, की चिन्मयला त्यांनी बुडवलं. त्यांच्या लाडक्याला.”

“हे म्हणताना तुझा चेहरा बघ एकदा आरशात,” मुक्ता म्हणाली. “ते जाऊ दे. तुला नक्की कशाची भीती वाटतेय? लोक तुला जळका म्हणतील ह्याची?”

“हो.”

“अरे, ते आत्ताही म्हणतात.”

हृषीकेशला हे नवीन होतं.

“माझी कंपाउंडर म्हणते,” मुक्ता म्हणाली. “तुला निवड करायचीय ती एवढीच, की नुसता जळका म्हणवून घ्यायचं, का शोध लावलेला जळका. मीठ देऊ?”

पुढचे चार दिवस तो ह्या वाक्याभोवती फिरला. चिन्मयला वाचवावं असं त्याला एकदाही मनापासून वाटलं नाही, हे नोंदवणं भाग आहे. त्याला एवढंच उमगलं, की चिन्मय बुडाला तर त्याच्याबरोबर तो दाणाही बुडेल, आणि आयुष्यात आपल्या हातून झालेली एकमेव मोठी गोष्ट साडूच्या बदनामीखाली गाडली जाईल. चिन्मयनं आपलं श्रेय नेलं होतंच. आता तो ते घेऊन नाहीसाही होणार होता. हे सहन होण्यासारखं नव्हतं.

चौकशीच्या दिवशी समितीत तिघे होते. चिन्मय कोपऱ्यात बसला होता. दोन महिन्यांत त्याची कॉलर मानेला मोठी झाली होती. हृषीकेशनं नकाशे दाखवले. सरळ रेषा दाखवली. ऋचाच्या फोनमधलं दृष्टीचं चित्रीकरण दाखवलं, आणि त्यातलं काळं पडलेलं करंड्याचं बूड मोठं करून दाखवलं.

अध्यक्ष बाई शांत होत्या. त्यांनी चष्मा काढला.

“डॉक्टर वाकणकर, नकाशा एकच मागितला होता. तुम्ही महिनाभर तोच स्फटिक का बघत होतात?”

हृषीकेशनं पडद्यावरचा नकाशा बंद केला.

“डॉक्टर सबनीस माझे साडू आहेत,” हृषीकेश म्हणाला.

समितीतल्या दोघांनी समजल्यासारखी मान हलवली. तिसरे अविवाहित होते. त्यांना शेजारच्यांनी हळू आवाजात समजावून सांगितलं.

“कार्यवृत्तात काय लिहू?” सचिवानं विचारलं.

“कौटुंबिक कारण,” अध्यक्ष म्हणाल्या.

स्फटिक पुन्हा किरणाखाली ठेवला गेला, ह्या वेळी समितीदेखत. दुसऱ्या आठवड्यात लाल बेटं वाढू लागली. महिन्याअखेर फ्रीजरमधलं चुंबक पुन्हा उठून अधांतरी उभं राहिलं. चिन्मय सगळ्यांसमोर हृषीकेशच्या गळ्यात पडला.

“हृषीदा,” तो कानाशी म्हणाला, “तू माझ्यावर इतका जळतोस, मला कधी कळलंच नाही रे. मी तर तुला घाबरून असायचो.”

“मला? कशाला?”

“आई तुला राव म्हणतात. मला अजून पोरगाच समजतात.”

हृषीकेशच्या इतक्या वर्षांच्या मत्सराचं हे सरळसरळ नुकसान होतं.

पुढं जे झालं ते आता घरोघरी आहे. अतिवाहक स्फटिक किरणाखाली महिनाभर धरायचे, त्याला कारखान्यात ‘बघणीला टाकणे’ म्हणतात. कडबोळ्यासारखी पाच वलयं उभी राहिली. तिथं माणसं पाळीनं बसून स्फटिकांकडे बघतात, कोणताही राग-लोभ न ठेवता, आणि काम तितकंच छान होतं. मत्सराची गरज फक्त पहिल्या खेपेला होती. ह्या परिणामाला पाठ्यपुस्तकांत ‘सबनीस परिणाम’ म्हणतात. मूळ निबंध ‘सबनीस आणि इतर’ ह्या नावानं उद्धृत होतो. लेखक दोनच आहेत.

२०३४ साली अधिक आषाढ आला. मिरजेला पीठ मुरलं, तूप तापलं. हृषीकेश सवयीनं बाहेरच्या पंख्याखाली जाऊन बसला.

“हृषीकेशराव,” आतून हाक आली.

तो दारापर्यंत गेला. शैलाताईंनी कढईसमोर एक खुर्ची मांडली होती. गेली दोन वर्षं त्या करंड्याविषयी कोणाशी एक अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. त्यांनी खसखस लावलेला अनारसा उलथण्यावर घेतला.

“बसा इथं,” त्या म्हणाल्या. “आणि नीट बघा. तुम्ही बघता तसं.”

हृषीकेश बसला. त्यानं बघितलं. ओट्याला टेकून उभ्या असलेल्या चिन्मयकडे एकदा, कढईकडे एकदा, आणि मग ते जुनं, ओळखीचं, छातीत गरम उमलणारं काही तरी घेऊन एकटक तुपाकडे. अनारसा तळाशी गेला, सावकाश वर आला, फुलला. त्याला सुरेख जाळी पडली. एक कणही हसला नाही.

शैलाताईंनी तो झाऱ्यावर उचलून निथळवला, उजेडाकडे धरून पारखला, आणि मान डोलावली.

“उत्तम,” त्या म्हणाल्या. “चिनू, ताटली आण.”